एका बाईने कॅन्सरनंतर १३२ मैल धावून दाखवलं. यावरून नेमकं काय सिद्ध होतं?



पेटची तयारी करणाऱ्या, सिनॉप्सिस लिहायला बसलेल्या बऱ्याच जणांचा एक प्रश्न ठरलेला असतो: "विषय आवडतो, वाचनही चालू आहे, पण त्यातून संशोधन प्रश्न काढायचा कसा?" आज हे एका गोष्टीवरून करून बघू. गोष्ट इंग्लंडमधल्या डोंगरातली आहे, पण माझ्यासाठी ती आमच्या घरात सुरू झाली.

दोन वर्षांपूर्वी आईचं स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, मग केमो. केमो संपून महिना झाला होता. आमचं घर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. आई मधल्या वळणावर कठड्याला टेकून दोन मिनिटं थांबायची आणि मग उरलेल्या पायऱ्या चढायची. त्याच आठवड्यात मामाने घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक व्हिडिओ टाकला. कॅन्सर होऊन गेलेली एक इंग्लिश बाई डोंगरात दोन दिवस धावते आहे. खाली मामाची ओळ: "इच्छाशक्ती असेल तर सगळं शक्य आहे!"

आईने व्हिडिओ पूर्ण बघितला. फोन बाजूला ठेवला आणि म्हणाली, "माझीच इच्छाशक्ती कमी पडतेय का गं?"

मला मामाचा राग आला. मी सार्वजनिक आरोग्यात पीएचडी करतेय, त्यामुळे जरा ऐटीतच ग्रुपवर उत्तर ठोकलं: "हे एकच उदाहरण आहे. एका उदाहरणाला काही अर्थ नसतो." वाटलं, आईची बाजू घेतली. तर आई म्हणाली, "म्हणजे मला जमणार नाही, असंच ना?"

बघा, एकाच व्हिडिओवरून मामा म्हणाला "सगळं शक्य" आणि मी म्हणाले "काही अर्थ नाही". दोघंही चुकलो, आणि दोन्ही वेळा दुखावली गेली ती आईच. एका उदाहरणाचं वजन नेमकं किती, हे नीट सांगता येणं ही संशोधकाची पहिली कसोटी आहे. मी त्या दिवशी त्यात नापास झाले. हा लेख म्हणजे उशिरा लिहिलेलं उत्तर आहे.

आधी गोष्ट नीट समजून घ्या

कुठलंही उदाहरण वापरायच्या आधी ते तपशिलात माहीत हवं. व्हिडिओ बघून मत बनवू नका.

उत्तर इंग्लंडमध्ये डोंगराला 'फेल' म्हणतात. तेव्हा फेल रनिंग म्हणजे नापास होण्याची शर्यत नव्हे, तर पायवाट असो-नसो, डोंगर-चढउतारावरून धावणं. तिथल्या लेक डिस्ट्रिक्ट भागात केझिक नावाचं गाव आहे. १९३२ च्या जून महिन्यात त्या गावात गेस्ट हाउस चालवणाऱ्या बॉब ग्रॅहमने २४ तासांच्या आत ४२ शिखरांची फेरी पूर्ण केली. गावातल्या मूट हॉल या जुन्या इमारतीपासून निघायचं, स्किडॉ, हेल्वेलिन, स्कॅफेल पाइक असे डोंगर करत पुन्हा तिथेच यायचं. अंतर सुमारे ६६ मैल, म्हणजे १०६ किलोमीटर. एकूण चढ सुमारे ८,२०० मीटर.

आकडा नुसता वाचून काही कळत नाही, म्हणून आपल्या मापात सांगते. आतकरवाडीतून सिंहगड चढायचा म्हणजे ढोबळमानाने सहाशे मीटर चढ. असा सिंहगड एका दिवसात तेरा-चौदा वेळा चढायचा आणि उतरायचा. वर पाऊस, धुकं आणि रात्रीचा अंधार. यालाच आता 'बॉब ग्रॅहम राउंड' म्हणतात. ती दुसऱ्यांदा पूर्ण व्हायला १९६० साल उजाडलं. तेव्हा अॅलन हीटनने ती केली. १९७१ मध्ये तिच्यासाठी क्लब स्थापन झाला आणि आज त्याचे दोन हजारांहून जास्त सदस्य आहेत.

व्हिडिओतली बाई म्हणजे निकी स्पिंक्स. यॉर्कशरमधली शेतकरी. २००६ मध्ये तिला स्तनाचा कॅन्सर झाल्याचं निदान झालं. त्यानंतर २०१२ मध्ये तिने ही फेरी १८ तास १२ मिनिटांत करून महिलांचा तेव्हाचा विक्रम केला आणि २०१५ मध्ये त्यातून आणखी सहा मिनिटं कमी केली. निदानाला दहा वर्षं झाली म्हणून २०१६ च्या मे महिन्यात, वयाच्या ४९ व्या वर्षी, तिने सलग दोन फेऱ्या केल्या: १३२ मैल, शिखरं मोजायची तर ८४, वेळ ४५ तास ३० मिनिटं. ४८ तासांच्या आत दुहेरी फेरी त्याआधी फक्त एका माणसाने पूर्ण केली होती. रॉजर बाउमाइस्टर, १९७९. निकीचा वेळ त्याच्यापेक्षा तासाभराने कमी होता.

थक्क व्हायला होतं. व्हा, काही हरकत नाही. मग पेन हातात घ्या.

गोष्टीत काय दिसत नाही?

कुठलीही गोष्ट समोर आली की मी आता चार प्रश्न वहीत लिहिते. तुम्हीही लिहा.

पहिला: सुरुवातीची पातळी काय होती? निकी आजारी पडण्याआधीपासून डोंगरात धावत होती, वर शेतीचं अंगमेहनतीचं काम. माझी आई एलआयसीच्या कागदपत्रांमध्ये तीस वर्षं बसून काम केलेली. दोघींनी आजारात समजा सारखीच ताकद गमावली, तरी उरलेली ताकद सारखी नसणार.

दुसरा: किती काळ गेला? मामाच्या ओळीत 'कॅन्सरनंतर' हा एकच शब्द होता. निकीच्या बाबतीत त्या शब्दात दहा वर्षं मावली आहेत. आईच्या बाबतीत एक महिना. 'नंतर' हा शब्द फार लबाड आहे. तुमच्या सिनॉप्सिसमध्ये 'लॉकडाउननंतर', 'प्रशिक्षणानंतर', 'योजनेनंतर' असं काही असेल तर किती दिवसांनंतर ते लिहा, नाहीतर गाइड पहिल्याच पानावर गोल करेल.

तिसरा: आजार आणि उपचार कोणते होते? कॅन्सर हे एका आजाराचं नाव नाही. स्तनाच्या कॅन्सरमध्येही टप्पा वेगळा, शस्त्रक्रिया वेगळी, औषधं वेगळी. डॉक्सोरुबिसिनसारखं औषध हृदयाच्या स्नायूला इजा करू शकतं. ते घेतलेल्या आणि न घेतलेल्या दोन बायकांची दमण्याची तुलना सरळसरळ करताच येत नाही.

चौथा आणि सर्वांत महत्त्वाचा: ज्यांना जमलं नाही, ते कुठे आहेत? बॉब ग्रॅहम क्लबचं सदस्यत्व २४ तासांच्या आत फेरी पूर्ण करणाऱ्यालाच मिळतं. ती यादी कितीही बारकाईने अभ्यासा, फेरी अर्धवट सोडलेला एकही माणूस तुम्हाला त्यात सापडणार नाही. यादीतले सगळे पहाटे उठून सराव करायचे, असं समजा आढळलं. यावरून "पहाटे सराव केला की फेरी पूर्ण होते" म्हणता येईल का? नाही. कदाचित अर्धवट सोडणारेही पहाटेच उठत असतील. यालाच उत्तरजीवी पक्षपात म्हणतात: जे टिकले तेवढेच मोजायचे आणि निष्कर्ष मात्र सगळ्यांबद्दल काढायचा.

हा शब्द परीक्षेपुरता पाठ करू नका. जेआरएफ मिळालेल्यांच्या मुलाखती आपण बघतो ना, "मी रोज चौदा तास अभ्यास केला"? चौदा तास करूनही न मिळालेल्यांची मुलाखत कुणी घेतं का? कॅन्सरच्या गोष्टींत तर हे आणखी क्रूर होतं. ज्यांचं शरीर पुन्हा उभं राहिलं नाही, त्यांचा व्हिडिओ बनत नाही. मग बघणाऱ्याला वाटतं, उरलेल्यांनी प्रयत्न केले नसतील.

मग एका उदाहरणाला किंमत नाही का?

इथे माझी चूक. किंमत आहे, फक्त तिची जागा ठरलेली आहे.

समजा कुणी म्हणालं, "स्तनाचा कॅन्सर होऊन गेलेली बाई डोंगरात लांब पल्ल्याचं धावूच शकत नाही." हे विधान 'कधीच नाही' या प्रकारचं आहे. ते मोडायला एक निकी पुरते. हजार लोकांचा नमुना लागत नाही.

पण "स्तनाच्या कॅन्सरनंतर सहसा बायका धावू शकतात" हे विधान 'सहसा' या प्रकारचं आहे. तिथे निकी अपुरी. आणि "धावल्यामुळे कॅन्सर परत येत नाही" हे विधान 'मुळे' या प्रकारचं. तिथे निकीच काय, निकीसारख्या शंभर जणीही अपुऱ्या, कारण न धावणाऱ्या तशाच शंभर जणी तुलनेला हव्यात.

कधीच नाही, सहसा, मुळे. विधान या तिघांपैकी कोणत्या प्रकारचं आहे ते आधी ओळखा. पुरावा किती आणि कसा लागणार, ते त्यावरून ठरतं. मामाने 'कधीच नाही' मोडणारा पुरावा 'मुळे'साठी वापरला: इच्छाशक्तीमुळे जमलं. मी 'सहसा'साठी अपुरा असलेला पुरावा पूर्णच फेकून दिला.

एक गोष्ट मात्र या क्लबकडून शिकण्यासारखी आहे. सदस्यत्व हवं असेल तर प्रत्येक शिखरावर तुमच्याबरोबर साक्षीदार असावा लागतो आणि तिथली वेळ नोंदवावी लागते. "धावलो हो, शपथ" चालत नाही. म्हणजे उदाहरण एकच असलं तरी त्याची नोंद पक्की असते. तुमच्या केस स्टडीमध्ये एवढी शिस्त आहे का, ते एकदा तपासा.

गोष्टीचे तुकडे करा, तुकड्यांचे प्रश्न करा

"कॅन्सरनंतर माणूस असं काही करू शकतो का?" हा प्रश्न संशोधनासाठी फार ढोबळ आहे. आईच्या जिन्यावरून विचार केला तर त्यातून तीन छोटे प्रश्न निघतात, आणि तिन्हींवर खरोखर अभ्यास झालेले आहेत.

पहिला तुकडा: आजारपणात नुसतं पडून राहिल्याने किती ताकद जाते? १९६६ मध्ये अमेरिकेत डॅलसला पाच निरोगी तरुणांना, साधारण विशीतल्या, तीन आठवडे अंथरुणावर झोपवून ठेवलं. शरीराची ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता आधी आणि नंतर मोजली. ती चतुर्थांशाहून जास्त घटली. तीस वर्षांनी त्याच पाच जणांना पुन्हा तपासलं, तेव्हा कळलं की तीस वर्षांच्या वयवाढीने जेवढं नुकसान केलं, त्यापेक्षा तरुणपणीच्या त्या तीन आठवड्यांनी जास्त केलं होतं. आजार नाही, केमो नाही, फक्त अंथरूण.

इथे हात वर करून कुणी विचारेल, "ताई, पाचच माणसं? आमच्या गाइड तीनशेच्या खाली बोलत नाहीत." चांगला प्रश्न. इथे प्रत्येक माणसाची तुलना त्याच्याशीच होती, मोजमाप प्रयोगशाळेतलं होतं आणि परिणाम प्रचंड होता. असं असेल तर थोडी माणसं पुरतात. परिणाम बारीक असेल आणि माणसामाणसांत फरक खूप असेल, तर तीनशेही कमी पडतील. नमुन्याचा आकार असा प्रश्नावरून ठरतो, डिपार्टमेंटच्या प्रथेवरून नाही.

दुसरा तुकडा: ऑपरेशन झालेल्या बाजूचा हात वापरायचा का? आईला सगळ्यांनी बजावलं होतं, त्या हाताने बादली उचलायची नाही, कळशी नाही, पिशवी नाही. कारण असं, की काखेतल्या लसिका ग्रंथी काढल्या की हातात पाणी साठून कायमची सूज येऊ शकते. ही भीती खरी आहे. पण वजन उचलल्याने सूज वाढते का, हे कुणी तपासलं होतं? अमेरिकेत कॅथरिन श्मिट्झ आणि सहकाऱ्यांनी तपासलं. हाताला सूज असलेल्या १४१ स्त्रिया घेतल्या. चिठ्ठी टाकावी तसे यादृच्छिक दोन गट केले. एका गटाने आठवड्यातून दोनदा वजनं उचलली, दुसऱ्याने नाही. वर्षभराने हात पाण्यात बुडवून, किती पाणी बाहेर सांडतं त्यावरून सूज मोजली. सूज लक्षणीय वाढलेल्या स्त्रिया दोन्ही गटांत जवळपास सारख्याच निघाल्या, ११ आणि १२ टक्के. उलट त्रास अचानक बळावण्याचं प्रमाण वजन उचलणाऱ्या गटात १४ टक्के होतं, न उचलणाऱ्यांत २९. हे २००९ मध्ये प्रसिद्ध झालं.

म्हणजे वर्षानुवर्षं दिलेला सल्ला काळजीपोटी होता, पण तपासलेला नव्हता. हे वाचून मी धावत आईकडे जाऊन "उचल बादली" म्हणाले का? नाही, आणि तुम्हीही म्हणू नका. त्या अभ्यासात सुरुवातीला प्रशिक्षकाची देखरेख होती, वजन अगदी हलक्यापासून हळूहळू वाढवलं होतं, हातावर दाब देणारी घट्ट बाही होती. निष्कर्ष या पद्धतीबद्दल आहे, कळशीबद्दल नाही. पेपर वाचताना सारांश वाचून थांबलं की अशी घसरगुंडी होते. 'पद्धती' हा भाग कंटाळवाणा वाटतो, पण निष्कर्षाची हद्द तिथेच आखलेली असते.

तिसरा तुकडा: व्यायामामुळे आजार परतण्याचं प्रमाण कमी होतं का? हा 'मुळे'चा प्रश्न, म्हणून सर्वांत महागडा. नुसतं निरीक्षण केलं तर व्यायाम करणारे रुग्ण जास्त जगलेले दिसतात. पण ते व्यायामामुळे जगले, की आधीच बरे होते म्हणून व्यायाम करू शकले? हा गुंता सोडवायला कॅनडा आणि ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचे, शस्त्रक्रिया आणि केमो झालेले ८८९ रुग्ण यादृच्छिकपणे दोन गटांत घेतले. एका गटाला आरोग्याची माहितीपत्रकं, दुसऱ्याला तीन वर्षं मार्गदर्शनाखाली व्यायाम. निकाल २०२५ मध्ये आला. पाच वर्षांनी आजार न परतता हयात असलेल्यांचं प्रमाण व्यायामाच्या गटात सुमारे ८० टक्के, दुसऱ्यात ७४. आठ वर्षांनी हयात असलेले सुमारे ९० आणि ८३ टक्के.

दोन गोष्टी लक्षात घ्या. रुग्णांची नोंदणी २००९ मध्ये सुरू झाली होती. म्हणजे एका 'मुळे'च्या उत्तराला सोळा वर्षं. आणि व्यायाम कुठला? डोंगर नाही. बहुतेकांसाठी तो आठवड्यातून तीन-चार वेळा पाऊण ते एक तास भरभर चालण्याएवढा जास्तीचा व्यायाम होता. स्नायू-सांध्यांच्या तक्रारी व्यायामाच्या गटात थोड्या जास्त होत्या, तेही त्यांनी लपवलं नाही. आणि हा निकाल आतड्याच्या कॅन्सरचा आहे. स्तनाच्या कॅन्सरला तो आहे तसा लावता येत नाही.

पुन्हा जिन्याकडे

हे सगळं वाचून झाल्यावर मी आईजवळ बसले. सांगितलं की त्या बाईला दहा वर्षं मिळाली होती, तुला एकच महिना झालाय. पडून राहिल्याने निरोगी पोरांची सुद्धा दैना होते. दम लागतोय तो तुझ्या मनाचा दोष नाही. आणि हो, 'कधीच जमणार नाही' असंही कुणी म्हणू शकत नाही. ते त्या बाईने खोटं ठरवलंय.

आई थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "ते सोड. मी उद्यापासून किती चालू, ते सांग."

मंडळी, आमच्या घरातला सर्वांत चांगला संशोधन प्रश्न पीएचडी करणाऱ्या मुलीने विचारला नाही, तिच्या आईने विचारला. कोण, काय, किती, कधीपासून, सगळं त्यात आहे. उत्तर मी दिलं नाही. ते तिच्या डॉक्टरांनी आणि फिजिओथेरपिस्टने तिला तपासून दिलं: सुरुवातीला दिवसातून दोनदा दहा मिनिटं. आई रोज कॅलेंडरवर मिनिटं लिहायची. ते कॅलेंडर अजून स्वयंपाकघराच्या दारामागे आहे. त्यात काही दिवस शून्यही आहे, आणि तिने ते खोडलेलं नाही. वळणावर ती अजूनही कधीकधी थांबते.

आता तुमचं काम

तुमच्या विषयातली एक अशी गोष्ट घ्या, जी सगळे सांगतात. एका शाळेने पटसंख्या वाढवली, एका गावाने पाणी अडवलं, एका बचतगटाने कर्ज फेडलं. मग कागदावर एवढं लिहा:

१. सुरुवातीची पातळी काय होती?
२. 'नंतर' म्हणजे नेमका किती काळ?
३. नेमकं काय केलं गेलं?
४. तेच करूनही ज्यांना जमलं नाही, ते कुठे सापडतील?
५. तुमचं विधान कोणत्या प्रकारचं: 'कधीच नाही', 'सहसा' की 'मुळे'?

चौथ्या प्रश्नाला बहुतेक जण अडकतात. तिथेच थांबा आणि शोधा. ज्या गावात बांध फुटला, तिथे जाऊन बोला. त्या गावावर कुणी व्हिडिओ केलेला नसतो, म्हणून तिथला डेटा अजून कुणी हातही न लावलेला असतो. सिनॉप्सिससाठी प्रश्न बहुधा तिथेच मिळेल.